माळ वाढते, कावीळ उतरत नाही



१९५६ साली नागपुरात दीक्षा घेऊन आपण देव-देवस्की सोडली, पण काविळीची माळ काही घरांतून अजून गेलेली नाही. माळ रोज लांब होते, पायापर्यंत येते आणि म्हातारी माणसे म्हणतात, कावीळ उतरली. त्या माळेत ओल्या काड्यांचे तुकडे बांधलेले असतात. काड्या सुकून आकसतात, गाठी सैल होतात, माळ वाढते. खिळ्याला टांगली तरी वाढेल! दूषित पाण्याची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय मात्र माळवाला घेतो.

परंतु एक कावीळ अशी थांबून जात नाही. यकृतात रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते आणि पित्तनलिकेतून लहान आतड्यात उतरते. या नलिकेत गाठ झाली की वाट बंद. हा कर्करोग विरळा, बहुधा उतारवयातला, आणि सुरुवातीला दुखत नाही. तिथेच फसगत होते. डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी, शौचास पांढुरकी, अंगभर खाज, अशी लक्षणे दिसली की माळेत दिवस घालवू नका, सोनोग्राफी करून घ्या. पित्ताच्या खड्यानेही अशीच वाट अडते आणि खडा काढता येतो, म्हणून आधीच धीर सोडू नये.

उशीर झाला तर शेजारचे अवयव भोगतात. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढून थंडीताप येतो, विष रक्तात भिनते. यकृत खराब होते, मूत्रपिंडे थकतात. आतड्यात पित्त न पोचल्याने 'के' जीवनसत्त्व अंगी लागत नाही, मग रक्त लवकर गोठत नाही. खालच्या टोकाची गाठ स्वादुपिंडाची नळीही दाबते. यकृताच्या दोन नलिका मिळतात त्या जागच्या गाठींचे वर्णन अमेरिकेतील डॉ. क्लाट्स्किन यांनी १९६५ साली केले. ती गाठ लगतच्या रक्तवाहिन्यांत शिरली की शस्त्रक्रिया अवघड होते.

लवकर सापडली तर गाठ कापून काढता येते. नाहीतर तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेत स्टेंट म्हणजे बारीक नळी बसवतात. पित्त वाहू लागते, खाज कमी होते. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन आरोग्यमित्राला भेटा. आणि स्टेंट बसवलेल्या माणसाला थंडी वाजून ताप आला तर नळी तुंबली असू शकते. सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठा.