आवृत्तीचा आकडा हा दिलेला शब्द आहे

पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत लेखकाने एखादं प्रकरण गाळलं, तरी आपल्या कपाटातली पहिली आवृत्ती तशीच राहते. सॉफ्टवेअरचं तसं नाही. मुक्त स्रोत प्रकल्पाची नवी आवृत्ती निघाली की तिच्यावर उभे असलेले इतर प्रोग्रॅम ती अनेकदा आपोआप ओढून घेतात. घ्यायची की नाही, हे माणूस नव्हे, यंत्र ठरवतं, आणि तेही नुसता आकडा बघून. म्हणून तो आकडा केवळ शोभेचा नसतो. तो दिलेला शब्द असतो.

आकडे देण्याची एक रूढ रीत म्हणजे टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेली ‘सिमँटिक व्हर्जनिंग’. समजा, आवृत्ती २.४.१ आहे. शेवटचा आकडा वाढला, तर फक्त चूक दुरुस्त झाली. मधला वाढला, तर नवी सोय आली, पण जुनं सगळं चालतं. पहिला वाढला की सावध व्हायचं: जुनं काहीतरी मोडलंय, तुमचा कोड बदलावा लागेल. आणि हे ठिपके दशांशचिन्हं नव्हेत, बरं का! पायथन ३.९ नंतर २०२१ मध्ये ३.१० आली, तेव्हा तिला ३.१ समजून काही ठिकाणी घोटाळे झालेच.

सगळ्यांनी हीच रीत पाळावी असं नाही. उबुंटू २४.०४ म्हणजे २०२४ सालचा एप्रिल. लिनक्सची मालिका २.६.३९ वरून २०११ मध्ये थेट ३.० वर गेली आणि त्यामागे मोठा बदल नाही, हे लिनस टॉरवाल्ड्स यांनी तेव्हाच सांगून टाकलं. पण वापरणाऱ्यांचे चालू प्रोग्रॅम मोडायचे नाहीत, हा तिथला नियम फार कडक आहे. रीत कुठलीही असो, ती आधी सांगावी आणि मग पाळावी, एवढंच.

यावर कुणी म्हणेल, “आम्ही फुकट राबतो, वर हमी कसली मागता?” मुद्दा खरा आहे. परवान्यातही ‘कसलीही हमी नाही’ असंच लिहिलेलं असतं. पण शब्द द्यायचा नसेल, तर सोय आहे की! ०.३ किंवा ०.७ अशी शून्याने सुरू होणारी आवृत्ती काढा. ‘इथे काहीही बदलू शकतं’ हाच त्या शून्याचा अर्थ. मात्र १.० लिहून लोकांना बोलवायचं आणि १.१ मध्ये गुपचूप जुनं मोडायचं, हे बरं नव्हे. फुकट दिल्याने शब्द फिरवायची मुभा मिळत नाही. तसंच, निघालेल्या आवृत्तीत चूक सापडली, तर त्याच आकड्याखाली माल बदलू नये. २.४.२ काढावी आणि काय चुकलं ते सांगावं.

हे सांगणंच अनेक प्रकल्पांत सर्वांत दुबळं असतं. बदलांची नोंद म्हणून कोडच्या टिपणांची लांबलचक यादी चिकटवली जाते. वाचणाऱ्याला हवं असतं एवढंच: काय बदललं, कुणाला अडचण येईल, त्याने काय करावं. हे नेमक्या भाषेचं काम आहे. कोड लिहिता येत नाही म्हणून दूर राहणाऱ्या आपल्या मंडळातल्या मुलामुलींनी इथूनच सुरुवात करावी. चार सरळ वाक्यांनी अनोळखी माणसाची अख्खी रात्र वाचू शकते.