वांग छुंगची सोयीस्कर पूजा

प्राचीन चीनमधील वांग छुंग हा शुद्ध बुद्धिवादी होता, असे सांगण्याचा प्रघात पडला आहे. १९७३-७४ च्या कन्फ्यूशियसविरोधी मोहिमेत तर चीनमध्ये त्याला जडवादी वीरच ठरविण्यात आले. तोच कित्ता गिरविणाऱ्यांची अद्यापि वाण नाही.

त्याचा संशय अस्सल होता, यात वाद नाही. इ. स. २७ मध्ये जन्मलेला, लोयांगच्या ग्रंथविक्रेत्यांच्या दुकानांत फुकट वाचून बहुश्रुत झालेला हा दरिद्री पुरुष विचारतो : माणसाचे भूत होते म्हणता, मग त्याच्या अंगावर वस्त्रे कोठून आली? वस्त्रांनाही का आत्मा असतो? आजवर मेलेले सारेच भुते झाले असते, तर रस्त्यात पाऊल ठेवावयास जागा उरती ना! वीज हा आकाशाचा कोप नव्हे, अग्नी होय. वीज पडून मेलेल्याचे केस होरपळलेले असतात, हा त्याचा पुरावा.

पण त्याच 'लुनहंग' ग्रंथात, माणसाचे दैव जन्मतःच ठरते व हाडांच्या ठेवणीवरून ओळखता येते, असेही तो निक्षून सांगतो. ती प्रकरणे गाळणे हा कोठला बुद्धिवाद? वरिष्ठांशी न पटल्याने ज्याने किरकोळ हुद्द्याची चाकरी सोडली, त्याला गुणवंत मागे का राहतात याचे उत्तर हवे होते. (बढतीच्या याद्या वाचणाऱ्या आपणांस हे निराळे सांगावयास नको.) सद्गुणाला आकाश फळ देते, हे पंडितांचे आश्वासन त्याने नाकारले आणि रिकाम्या झालेल्या त्या आसनावर दैव बसविले. त्याचा दैववाद त्याच्या संशयातूनच उगवला आहे. एक खुडून दुसरा मिरविणाऱ्यांनी निदान ग्रंथ उघडावा. फोर्कचे इंग्रजी भाषांतर १९०७ व १९११ मध्येच छापून झाले आहे.