ताकबाईचा प्रश्न एकट्या मुसलमानांचा नाही

थायलंडच्या दक्षिणेतील मुसलमानांचा विषय निघाला की दोन ठरलेली वाक्ये ऐकू येतात. आपले लोक म्हणतात, 'बौद्ध देशात मुसलमानांवर जुलूम चाललाय.' इतर म्हणतात, 'मुसलमान कुठेच सुखाने नांदत नाहीत.' मला दोन्ही मान्य नाहीत.

२५ ऑक्टोबर २००४, रमजानचा महिना. ताकबाई पोलीस ठाण्यासमोर लोक निदर्शनाला जमले होते. सात जण तिथेच गेले. मग शेकडो माणसांचे हात पाठीमागे बांधून त्यांना लष्करी ट्रकांत एकावर एक रचले. त्यातले ७८ गुदमरून मेले. पंतप्रधान थाकसिन यांनी कारण सांगितले, रोजामुळे आलेला अशक्तपणा! २०२४ च्या ऑक्टोबरात वीस वर्षांची मुदत संपली आणि खटलाही संपला. एकही आरोपी कोर्टात उभा राहिला नाही. तेव्हा पंतप्रधानपदी थाकसिन यांचीच कन्या होती.

हा फक्त धर्मद्वेष असेल, तर ६ ऑक्टोबर १९७६ रोजी बँकॉकच्या थम्मासात विद्यापीठात विद्यार्थी का मारले गेले? ते तर बहुतेक बौद्धच होते. युवराजाचा अपमान केल्याचा त्यांच्यावर आळ होता. त्यांच्या मारेकऱ्यांनाही शिक्षा झाली नाही.

२४ जून १९३२ रोजी ज्यांनी राजाची निरंकुश सत्ता संपवली, त्यांत मुसलमानही होते. देश प्रजेचा, हा त्यांचा दावा. तो दावा लष्कराने वारंवार उठाव करून मोडला आणि प्रत्येक वेळी राजनिष्ठेची ढाल पुढे केली. राजाविरुद्ध बोललात तर कलम ११२ आहेच, एकेका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षे. हे कलम सुधारू म्हणणारा मूव्ह फॉरवर्ड पक्ष २०२३ च्या निवडणुकीत पहिला आला. २०२४ मध्ये न्यायालयाने तो पक्षच विसर्जित केला.

आता आपल्यासाठी कडू घोट. २००६ चा उठाव करणारे सेनाप्रमुख सोंथी बून्यारात्क्लिन स्वतः मुसलमान होते. 'आपला माणूस' खुर्चीवर बसला, म्हणून ताकबाईच्या विधवांना न्याय मिळाला का? नाही मिळाला.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. ताकबाईसाठी हळहळणाऱ्याने थम्मासातसाठीही हळहळले पाहिजे. जिथे सत्तेला प्रश्न विचारणे हाच गुन्हा, तिथे मशिदीतला माणूसही सुरक्षित नाही आणि विहारातलाही नाही. नाव वाचून मयताचे दुःख करायचे की नाही हे ठरवणारे आपण, न्याय कोणत्या तोंडाने मागणार?