विद्यापीठाला दवंडी देता येते का?

'जनसंपर्क' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? माझ्या डोळ्यांसमोर येतं ते शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला फोटो. अमुक यांच्या हस्ते उद्घाटन, तमुक यांनी आभार मानले, कार्यक्रमाची सांगता झाली. विद्यापीठाचा जनसंपर्क म्हणजे एवढंच, असा आपला सगळ्यांचा समज करून दिला गेलाय. मला हा समज पटत नाही, कारण त्याची किंमत विद्यार्थी मोजतात.

तुम्ही म्हणाल, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, मेकॅनिकलची ही मुलगी जनसंपर्कावर काय लिहिणार? पण मी जवळा बाजारची आहे, बरं का! औंढा नागनाथ तालुक्यातल्या आमच्या गावाला विद्यापीठ नेहमी लांबच. निजामाच्या राज्यात विद्यापीठ म्हणजे १९१८ साली स्थापन झालेलं हैदराबादचं उस्मानिया, तेही उर्दू माध्यमाचं. १९५८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठवाडा विद्यापीठ आलं. १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं. असं विद्यापीठ हळूहळू जवळ येत गेलं. इंजिनिअरिंगची मात्र राज्यातली बरीच कॉलेजं आता थेट रायगड जिल्ह्यात, लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली आहेत. इमारत लांब असायला हरकत नाही. पण तिथे ठरलेली गोष्ट आमच्या गावात वेळेवर आणि खरी पोचते का?

माझ्या एका मैत्रिणीला कागदपत्रं दाखवायला एका विद्यापीठात बोलावलं होतं. वडील त्या दिवसाची मजुरी बुडवून सोबत गेले. पहाटेची एस.टी. धरून दोघं पोचले, तर खिडकीवर कागद चिकटवलेला: 'तारीख पुढे ढकलली आहे. नवीन तारीख लवकरच कळविण्यात येईल.' लवकरच म्हणजे कधी? ते खिडकीतल्या माणसालाही माहीत नव्हतं.

आमच्या ओळखीचे एक काका विद्यापीठाच्या जनसंपर्क कक्षात आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झाले. टाईपरायटर आणि सायक्लोस्टाईलपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सगळं त्यांनी पाहिलं. इतक्या वर्षांत काय शिकलात, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी तीनच गोष्टी सांगितल्या.

पहिली, वाईट बातमी आपणच, आधी आणि पूर्ण सांगायची. दुसरी, उत्तर माहीत नसेल तर 'माहीत नाही, उद्या चार वाजता सांगतो' म्हणायचं, आणि चारला खरंच सांगायचं, मग सांगण्यासारखं काही असो वा नसो. तिसरी, प्रेसनोट लिहिताना कुलगुरू किंवा संपादक डोळ्यांसमोर ठेवायचे नाहीत, एस.टी. स्टँडवर पेपर वाचत बसलेला बाप ठेवायचा.

पहिली गोष्ट काही नवी नाही. २८ ऑक्टोबर १९०६ ला अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पुलावरून रेल्वे पाण्यात पडली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. त्या काळी रेल्वे कंपन्या असे अपघात लपवायच्या. पण कंपनीचा सल्लागार आयव्ही ली यानं वार्ताहरांना माहिती द्यायला लावली. जनसंपर्काच्या पुस्तकांत ही घटना आजही शिकवतात.

आणि आपल्याकडे? २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका कॉम्प्युटरवर तपासायचं ठरवलं आणि निकाल रखडले. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत दिली, ती हुकली. मग एकामागून एक नव्या तारखा आल्या आणि त्याही हुकल्या. शेवटी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून काढण्यात आलं. तंत्रज्ञान फसू शकतं, हे इंजिनिअरिंगवाल्यांना कुणी सांगायला नको. पण ज्या तारखेवर स्वतःचाच विश्वास नाही ती जाहीर करणं, हा तंत्रज्ञानाचा दोष नव्हे. २०२० चा कोरोना आठवा. राज्य म्हणालं, अंतिम वर्षाची परीक्षा नको. ६ जुलैला यूजीसी म्हणाली, घ्याच. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं परीक्षेशिवाय पदवी नाही, हे स्पष्ट केलं. तोवर पोरांनी अभ्यास करायचा की नाही, हे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवाच ठरवत होत्या.

रेडिओवर स्टेशन लागलं नाही की नुसती खरखर ऐकू येते. अफवेचंही तसंच आहे. विद्यापीठ गप्प बसलं की अफवांचा आवाज वाढतो.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. जनसंपर्क अधिकाऱ्याला झोडपणं सोपं आहे. काका म्हणाले, "निर्णय आत व्हायचा, आम्ही दाराबाहेर. पत्रकाराचा फोन आला की आम्हालाच बातमी कळायची!" ज्याला शेवटी कळतं तो आधी कसं सांगणार? म्हणून परीक्षेचा किंवा प्रवेशाचा निर्णय होताना जनसंपर्क अधिकारी त्या बैठकीत असलाच पाहिजे, आणि 'साहेब, हे लोकांना कळणार नाही' असं म्हणायची मुभा त्याला असली पाहिजे.

माहिती देणं ही काही मेहेरबानी नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं की सार्वजनिक संस्थेनं कुणी मागायच्या आधी स्वतःहून माहिती जाहीर करावी. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका या कायद्याखाली पाहण्याचा हक्क असल्याचं मान्य केलं.

पूर्वी खेड्यात कोतवाल हलगी वाजवून दवंडी द्यायचा. काय आहे, कधी आहे, कुठे आहे आणि कुणी सांगितलंय, एवढं तो चार वाक्यांत सांगायचा. 'लवकरच' म्हणून त्याचं भागत नसे, कारण लोक तिथल्या तिथे विचारायचे, "अरे पण कधी?" माझी मागणी तेवढीच आहे. प्रत्येक सूचनेवर तारीख हवी, सही करणाऱ्याचं पद हवं आणि आधीची कोणती सूचना रद्द झाली तेही हवं. भाषा साधी मराठी हवी. आणि परीक्षेच्या काळात रोज ठरलेल्या वेळी एक निवेदन हवं, भले त्यात 'आज काही ठरलं नाही' एवढंच असेल. याला ना नवीन इमारत लागते, ना मोठं बजेट.

आणि आपण? फॉरवर्ड करण्याआधी सूचनेवर तारीख आणि पद आहे का, एवढं तरी बघूया. आपल्या फॉरवर्डवर विश्वास ठेवून गावाकडचा कुणीतरी उद्या पहाटेची एस.टी. धरणार असतो.