एकाच ग्रेडची वायर, दोन शीर्षके

प्रति,
अध्यक्ष,
केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ, नवी दिल्ली

महोदय,

चाकण, भोसरी किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत ज्याला सरसकट ‘वेल्डिंगचा माल’ म्हणतात, तो न्हावा शेवा बंदरात उतरला की सीमाशुल्काच्या निरनिराळ्या प्रकरणांत विखुरतो. फ्लक्सचा लेप दिलेला रॉड ८३११ १० मध्ये, पोटात फ्लक्स भरलेली वायर ८३११ २० मध्ये. फ्लक्स गोणीत सुटा आला तर ३८१० मध्ये, मशीन ८५१५ मध्ये, कातडी हातमोजे ४२०३ मध्ये. इथवर माल नजरेने ओळखता येतो.

पेच पडतो तो मिग वेल्डिंगच्या भरीव वायरपाशी. तांबे चढवलेली ही वायर फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये रोजच्या वापरातली. वरचा थर पाहून ती लेपित इलेक्ट्रोडच्या ८३११ मध्ये घालण्याचा मोह होतो. पण त्या शीर्षकाला लेप फ्लक्सचाच लागतो. तांबे वायरला गंजू देत नाही आणि वीजप्रवाह नीट पोचवते. फ्लक्सचे काम ते करत नाही. म्हणून ही वायर प्रकरण ७२ मध्ये, पोलादात जाते. तिथे पुन्हा दोन वाटा फुटतात : साधे पोलाद असेल तर ७२१७, मिश्रपोलाद असेल तर ७२२९.

निवाडा बहुधा सिलिकॉन करते. प्रकरणाच्या टिपेनुसार ते ०.६ टक्के किंवा अधिक असले की पोलाद मिश्र ठरते. ईआर७०एस-६ वायरमध्ये ते ०.८० ते १.१५ टक्के असते, त्यामुळे ती ७२२९ मध्येच जाते. ईआर७०एस-३ ची मर्यादा मात्र ०.४५ ते ०.७५ टक्के. एकाच कारखान्याच्या, हुबेहूब दिसणाऱ्या दोन स्पूलपैकी एकीत सिलिकॉन ०.५५ भरले तर ती ७२१७ ३०, दुसरीत ०.६५ भरले तर सहसा ७२२९ २०. हा फरक दिसतो तो फक्त मिल टेस्ट सर्टिफिकेटवर, हीट नंबरापुढच्या एका रकान्यात.

शुल्काचा दर दोन्हीकडे सारखा असला, तरी व्यापार करारातील सवलत आणि अँटी-डंपिंग शुल्क कोड पाहूनच लागू होतात. २०११ पासून शुल्कनिर्धारणाची पहिली जबाबदारी आयातदारावर आहे. कमी शुल्क भरले गेले तर कलम २८ खाली एरवी दोन वर्षांपर्यंत मागची मागणी येते; माहिती दडवली असे ठरले तर पाच वर्षांपर्यंतची, वर व्याज आणि शुल्काइतका दंड. लहान कारखानदार एवढ्याने कोलमडतो.

आगाऊ निर्णय देणारी प्राधिकरणे मुंबई आणि दिल्लीत आहेत आणि ही सोय मोलाची आहे. पण तो निर्णय अर्जदारापुरताच बंधनकारक असतो. चाकणच्या एकाने मिळवलेली स्पष्टता शिरोलीच्या दुसऱ्याच्या हक्काची होत नाही.

म्हणून मंडळाने तीन गोष्टी कराव्यात. वेल्डिंगच्या सर्व मालासाठी, रासायनिक घटकांच्या तक्त्यासह, एकच परिपत्रक काढून ते मराठीतही द्यावे. हीटनिहाय सर्टिफिकेट हा वर्गीकरणाचा पहिला पुरावा मानावा. आणि ज्याने ते बिल ऑफ एंट्रीसोबत जोडले, त्याच्यावर माहिती दडवल्याचा ठपका ठेवू नये. मतभेद असल्यास तो दोन वर्षांच्या मुदतीतच सोडवावा.

हार्मोनाइज्ड सिस्टिमची नवी आवृत्ती १ जानेवारी २०२८ रोजी लागू होणार आहे. त्यासाठी कोडांची उजळणी मंडळाला करावीच लागेल. त्याच कामात या परिपत्रकाचाही समावेश व्हावा, ही आग्रहाची विनंती.

आपला नम्र,
वेल्डिंग उद्योगाचा एक अभ्यासक