हत्तीरोगाचें औषध आणि आपलें औदासीन्य

गोंदिया जिल्हा आम्हां सुशिक्षितांस तळ्यांचा आणि भाताचा म्हणून ठाऊक असतो. तो हत्तीरोगाचाही जिल्हा आहे, हें मात्र आमच्या ध्यानीं राहत नाहीं. क्युलेक्स डासाच्या दंशावाटे या रोगाचे कृमि शरीरांत शिरतात, लसिकावाहिन्यांत ठाण मांडतात आणि कित्येक वर्षांनीं माणसाचा पाय खांबासारखा करून सोडतात. मनुष्य सहसा मरत नाहीं. पण रोवणीच्या चिखलांत उभें राहण्याचें बळ जातें, मजुरी जाते, आणि मुलगी असेल तर तिचें लग्न अडतें.

या रोगाची गोष्ट निघाली कीं एक ठराविक उत्तर ऐकूं येतें : सरकार गोळ्या फुकट वांटतें, अडाणी लोक त्या गिळत नाहींत, त्याला कोण काय करणार? हें उत्तर आम्हांस मुळींच मान्य नाहीं. त्या गोळ्यांचा गुण काय, हें आधीं पाहूं. त्यांतील मुख्य औषध डायएथिलकार्बामाझिन हें १९४७ सालचें. आपलेच देशबांधव येल्लाप्रगडा सुब्बाराव ज्या अमेरिकन प्रयोगशाळेचे संशोधनप्रमुख होते, तेथें तें निघालें. नागपूर जिल्ह्यांत २०१९ सालीं त्याच्या जोडीला दिलेलें आयव्हरमेक्टिन तर १९८१ सालीं प्रथम बाजारांत आलें तें गुराढोरांसाठीं! गुरांच्या मालकाजवळ पैसा होता. हत्तीरोग्याजवळ तो नव्हता.

हीं औषधें रक्तांतील सूक्ष्म पिलावळ मारतात. प्रौढ कृमींवर त्यांचा अंमल अपुरा पडतो. तो कृमि सहा ते आठ वर्षें जगतो आणि पुन्हा प्रजा वाढवितो. म्हणून धडधाकट माणसानेंही वर्षानुवर्षें गोळ्या घ्यावयाच्या, आणि अंगांत कृमि असल्यास त्यापायीं येणारा ताप व डोकेदुखी सोसावयाची. आमच्या वाचकांपैकीं किती कुटुंबें, कांहीं दुखत नसतां, असें औषध बिनतक्रार घेतील? जें आमच्या घरीं सावधपण ठरतें, तें शेतमजुराच्या घरीं अडाणीपण कसें?

गटारें स्वच्छ ठेवा, डास मारा, हें म्हणणें खरेंच आहे; परंतु शरीरांत आधींच शिरलेला कृमि त्यानें मरत नाहीं. त्याला मारण्याची वाट शास्त्रास दिसलेली आहे. हा कृमि वोल्बॅकिया नांवाच्या जंतूच्या आधारानें जगतो, आणि डॉक्सिसायक्लिननें तो जंतु मेला कीं कृमीही हळूहळू नष्ट होतो. पण तें औषध चार ते सहा आठवडे रोज घ्यावें लागतें, आणि लहान मुलांस व गर्भवतींस तें देतां येत नाहीं. तेव्हां थोड्या दिवसांत काम करणारें आणि सर्वांस देतां येईल असें औषध हवें.

तें कोणी शोधावें? नफ्यावर चालणारे कारखाने तें आपण होऊन शोधतील, ही आशा व्यर्थ आहे. लखनौस सरकारी औषध-संशोधन संस्था आहे. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयांत या रोगाचा अभ्यास कित्येक वर्षें झालेला आहे. बुद्धीची वाण नाहीं. वाण आहे ती मागणी करणाऱ्यांची. २०२७ पर्यंत हत्तीरोग देशांतून घालविण्याचा सरकारी संकल्प आहे. त्या संकल्पाबरोबर नव्या औषधासाठीं सार्वजनिक पैसा मागणें हें ज्यांना लिहितां-बोलतां येतें त्यांचें कर्तव्य आहे. तें न करतां गरिबाच्या अज्ञानावर बोट ठेवणाऱ्यानें आपल्या ज्ञानाचा उपयोग काय केला, तेंही सांगावें.