टप कापायच्या आधी

"ताई, नुसता टप कापायचा गं. चार इंच. बाकी गाडीला हातसुद्धा लावणार नाही."

माझा मामेभाऊ हे इतकं सहज म्हणाला, जणू सलूनमध्ये जाऊन केस कापून यायचेत. गाडी म्हणजे कराडला मामाच्या घरामागे चिंचेखाली अकरा वर्षं उभी असलेली १९७३ ची प्रीमियर प्रेसिडेंट. आजोबांची. चारही टायर मातीत रुतलेत आणि मागच्या सीटवर मांजर दोनदा व्यायलीये. भाऊ पॉलिटेक्निकला, मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं अमेरिकन हॉट रॉडचे व्हिडिओ बघितले आणि ठरवून टाकलं. टप खाली घ्यायचा, मडगार्ड काढायचे, वर मॅट काळा रंग. मित्राकडून ग्राइंडरही आणून ठेवला.

मामा म्हणाला, "ग्राइंडर लावलास तर गाडीबरोबर तूही बाहेर." मामी म्हणाली, "कापा नाहीतर भंगारात घाला, पण एकदाचं काय ते करा." मी पेपरात इंटर्नशिप करते, म्हणजे मला सगळं कळतं असा घरात समज आहे. त्यामुळे न्यायाधीश मी.

मग मी वाचायला बसले. आणि वाचता वाचता भावाची बाजूही पटली, मामाचीही.

हॉट रॉड हा श्रीमंतांचा शौक म्हणून सुरू झालेलाच नाही. मंदीच्या काळातल्या, १९३० च्या दशकातल्या दक्षिण कॅलिफोर्नियात हे सुरू झालं. १९२८ ते १९३१ या काळात फोर्डनं 'मॉडेल ए' गाड्या ४८ लाखांच्या आसपास बनवल्या होत्या. त्या जुन्या झाल्या आणि भंगारात कवडीमोलानं मिळायला लागल्या. त्यात १९३२ मध्ये फोर्डनं आठ सिलिंडरचं, ६५ हॉर्सपॉवरचं व्ही-८ इंजिन स्वस्तातल्या गाडीत बसवलं. खिशात पैसे नसलेल्या पोरांनी एकाची बॉडी, दुसऱ्याचं इंजिन, तिसऱ्याचा अॅक्सल असं जमवलं आणि घरामागे गाडी बांधली. मग ती मोहावे वाळवंटातल्या म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर नेऊन पळवली. तिथली जमीन टेबलासारखी सपाट. तुझी गाडी किती पळते याचं उत्तर तोंडानं नाही, घड्याळानं द्यायचं. १९३७ मध्ये वेगवेगळ्या क्लबांनी मिळून संघटना काढली, नियम केले.

(इथे एक बाई भेटली, तिला सोडून पुढे जाववत नाही. व्हेडा ऑर. स्वतः या तळ्यांवर गाडी पळवायची. दुसऱ्या महायुद्धात पोरं सैन्यात गेली, तेव्हा संघटनेचं बातमीपत्र हिनं चालू ठेवलं आणि सैनिकांना पोस्टानं पाठवत राहिली. मास कॉमच्या तीन वर्षांत आम्हाला हिचं नाव कुणी सांगितलं नाही.)

आता मुद्द्याचं. व्हिडिओत भावाला जे 'भारी' दिसलं, त्यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण होतं. मडगार्ड, बंपर, फुटबोर्ड काढले ते वजन कमी करायला. टप कापला तो वारा कमी अडावा म्हणून. पुढचा अॅक्सल खाली वाकवलेला घातला, म्हणजे गाडी जमिनीलगत बसते. इंजिनवर एकाऐवजी दोन कार्बोरेटर आले, वर जास्त कॉम्प्रेशनची अॅल्युमिनियमची हेड आली. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ब्रेक. फोर्डच्या गाड्यांना १९३८ पर्यंत मेकॅनिकल ब्रेक होते, हायड्रॉलिक ब्रेक आले १९३९ च्या मॉडेलपासून. मग ही पोरं नंतरच्या फोर्डचे ब्रेक काढून आपल्या जुन्या गाडीला बसवायची. म्हणजे पळायचं कसं याच्याबरोबर थांबायचं कसं हेही त्यांनी शोधलं होतं. फोटोत ब्रेक दिसत नाहीत, म्हणून रीलमध्येही येत नाहीत.

आणि टप? जुन्या फोर्डला खाली वेगळी चासी असते. दोन लांब पट्ट्या, मध्ये आडव्या पट्ट्या, शिडीसारखी. सगळा भार ती घेते, बॉडी वर नुसती बोल्टनं बसवलेली. त्यामुळे बॉडी कापली तरी गाडीचा कणा शाबूत राहतो. आजोबांची प्रेसिडेंट म्हणजे मुळातली फियाट ११००. तिला अशी वेगळी चासीच नाही. टप, खांब, दाराच्या चौकटी, तळ, सगळं एकमेकांना जोडलेलं, आणि तेच मिळून गाडीचा सांगाडा. त्यातले खांब कापून अंदाजानं वेल्डिंग मारलं, तर आपण कणाच कापून चिकटवला.

हे मी भावाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आम्हाला मोनोकॉक शिकवलंय की. पेपरला पण आलं होतं."

हे ऐकून मला त्याचा नाही, आपल्या शिक्षणाचा राग आला. पाच मार्कांचं उत्तर लिहून आलेल्या पोराला घरामागची गाडी त्याच प्रकारची आहे हे दिसत नाही, कारण त्यानं आजवर एकही गाडी उघडलेली नाही. त्याच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये इंजिन आहे, पण काचेच्या पेटीत. हात लावू नये.

मग आपण मॉडिफिकेशन म्हणजे काय करतो? विकत घेतो. ऑनलाइन सायलेन्सर मागवायचा, कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडून बसवून घ्यायचा, रात्री अकराला कॉलनीतून फटफटत जायचं. मग पोलीस येतात, सायलेन्सर जप्त होतात, चौकात रोडरोलर फिरतो, आमच्या पेपरला फोटो मिळतो. खरं सांगू? तो आवाज करणाऱ्यांची मला जराही दया येत नाही. त्यात त्यांचं स्वतःचं काय असतं? पानासुद्धा दुसऱ्यानं फिरवलेला.

कायद्याचं म्हणाल तर घरी हॉट रॉड बांधून रस्त्यावर आणणं आपल्याकडे शक्यच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. सीएनजी किट, इलेक्ट्रिक किट, अपंग व्यक्तींसाठीचे बदल अशा मोजक्या सवलती आहेत. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणी आली, पण तिची अटच आहे की गाडी मूळ रूपात हवी. म्हणजे टप कापला की तो रस्ताही बंद.

मला हा नियम पटतो. आपले रस्ते, आपली गर्दी बघता अंदाजानं वेल्डिंग केलेली गाडी माझ्या स्कूटीशेजारी मला नकोय. जुनी गाडी आपल्याकडे मुळात कमी, तीही कापायची कशाला? अमेरिकेतही आता १९३२ च्या फोर्डची नवी पत्र्याची बॉडी तयार मिळते, अस्सल जुनी कापायची गरज उरलेली नाही.

मला खटकतं ते एवढंच की आपल्याकडे फक्त 'नाही' आहे. तिकडेही पोरं रस्त्यावर शर्यती लावायची, पेपर त्यांच्या नावानं खडे फोडायचे. पण १९५० मध्ये सांता अॅनाच्या विमानतळाच्या धावपट्टीवर रीतसर शर्यती सुरू झाल्या, १९५१ मध्ये राष्ट्रीय संघटना झाली, आणि १९५३ मध्ये तिची पहिली शर्यत पोमोनाला पोलिसांच्या पाठिंब्यानं झाली. कुणीतरी जागा दिली. आपल्याकडे जागा म्हणजे बाहा. २००७ पासून इंजिनीअरिंगची मुलं त्यासाठी स्वतः बग्गी बांधतात. तिथे पळण्याआधी ब्रेकची परीक्षा होते. चारही चाकं लॉक झाली पाहिजेत, नाहीतर घरी. पण एका कॉलेजातून त्यात जातात मोजकी मुलं, तीही प्रायोजक मिळाला तर. पॉलिटेक्निकमधल्या, आयटीआयमधल्या बाकीच्यांनी कुठे जायचं? प्रत्येक वर्कशॉपमध्ये एक भंगारातली गाडी ठेवा, शनिवारी उघडायला द्या. मोडली तर मोडली, भंगारच होती. ती रस्त्यावर कुणी आणणार नाहीये.

आमच्या घरचा निकाल असा लागला : टप कापायचा नाही, पण बोनेट उघडायला मामाची परवानगी. अट एकच, आधी ब्रेक. भावानं मास्टर सिलिंडर काढला तेव्हा आतलं रबर हातात भुगा होऊन आलं. मामानं लांबून बघितलं, मग जवळ आला, मग शर्टाच्या बाह्या वर केल्या. "अरे येड्या, पान्याला असा झटका देऊ नकोस, नट गोल होईल." संध्याकाळपर्यंत दोघं गाडीखाली होते.

मामी विचारत होती, आता मांजरीला कुठे ठेवायचं.